सातवा पट्टा

मास्तरांनी सिनेमाच्या नावाने कानाला खडा लावला त्याला सेहेचाळीस वर्षं झाली होती. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. वय चौऱ्याऐंशी, पाठ वाकलेली, कान निम्म्याहून अधिक गेलेले. पण रस्त्यापलीकडून जाणाऱ्या माणसाची कॉलर जराशी तिरकी असली तरी ती त्यांना बसल्या जागेवरून दिसायची, आणि दिसली की बोलून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यांच्या मुलीचं खिडक्या-दारांच्या पडद्यांचं दुकान होतं. म्हणून अठ्ठावन्न वर्षांच्या त्या मुलीला सगळे पडदेवाल्या बाई म्हणायचे. मास्तर रोज सकाळी दुकानात येऊन बसत, खडूने रेघा आखून देत आणि कारागिरांना वैताग आणत.

घरात सिनेमाचा विषय निघाला की मास्तर उठून पाणी प्यायला जात. नातवंडांना वाटायचं, आजोबांना सिनेमा आवडत नाही. हे साफ खोटं होतं. एके काळी हाच माणूस नवा खेळ लागला की पहिल्या दिवशी पोरीचं बोट धरून थिएटरात हजर असायचा आणि परतताना रस्ताभर अख्खी गोष्ट पुन्हा सांगायचा, तीही आपल्या पदरची भर घालून. पुढे हे सगळं का बंद झालं, ते फक्त बाईला माहीत होतं. निदान ती तसं धरून चालली होती.

तर एका रविवारी बाईची लेक दुकानात आली आणि आजोबांच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाली, "आजोबा, नवीन थिएटर झालंय. तिथला पडदा केवढा आहे ठाऊक आहे? आपली ही दुमजली इमारत समोर उभी केली तरी वर जागा उरेल. आणि आत्ता जो लागलाय ना, तो त्या पडद्यावरच बघायचा."

बाईने लेकीला डोळ्यांनी दटावलं. मास्तर आता पाणी प्यायला उठणार हे तिला पाठ होतं. पण मास्तर उठले नाहीत.

"पडदा कशाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"कशाचा म्हणजे? पांढरा आहे."

"एवढी शिकलीस आणि पांढरा आहे म्हणतेस! कापडाचा आहे की कशाचा?"

लेकीला सांगता येईना. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "चला, बघून येऊ."

लेक खूश झाली. बाईने मात्र हातातला पडदा दोनदा चुकीचा दुमडला.

बाई तेव्हा बारा वर्षांची होती. गावात थिएटर एकच, आणि त्याचं शिवणकाम सगळं मास्तरांकडे. खुर्च्यांची कव्हरं, पडद्यापुढचा तो लाल मखमली पडदा, डोअरकीपरांचे गणवेश, सगळं. एक दिवस मालकाने बोलावून सांगितलं की अमुक एक परदेशी सिनेमा येतोय, त्यात समुद्र आहे, शंभर जहाजं आहेत, आणि त्याचं चित्र भलतंच रुंद आहे. आपला पडदा त्याला पुरायचा नाही. मालकाने कुठूनसा खास कापडाचा तागा मागवला होता. त्याचा नवा पडदा शिवायचा होता.

तो पडदा दुकानात मावणं शक्यच नव्हतं. मग पायमशीन हातगाडीवर घालून थिएटरात नेलं, चार माणसांनी ते पडद्यासमोरच्या चौथऱ्यावर चढवलं, आणि तीन दिवस थिएटर बंद ठेवून बाप-लेक तिथे शिवत बसले. पडदेवाल्या बाईला पुढे आयुष्यात बरंच काही मिळालं, पण त्या तीन दिवसांची सर कशालाच आली नाही. रिकाम्या थिएटरातला तो जुन्या स्पंजचा आणि धुळीचा वास. बाजूची दारं उघडी ठेवलेली, त्यातून खुर्च्यांवर पडणारं ऊन. मशीन चालायला लागलं की खडखडाट मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायचा, जणू तिकडेही कुणी शिवतंय. दुपारी दोघं पहिल्या रांगेत डबा उघडायची. मास्तर रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवून विचारायचे, "बोल, आज कुठला खेळ बघायचा?" मग ती काहीही सांगायची आणि मास्तर तो तिथल्या तिथे रचून दाखवायचे.

कापड जाड होतं. पन्ह्याच्या मानाने त्याचे सात उभे पट्टे लागणार होते, आणि एकेक पट्टा अठरा फूट. गंमत अशी की त्याच्या दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसत. सुलटी बाजू किंचित गुळगुळीत, उलटी किंचित खरखरीत, पण तो फरक कळायला शिंप्याचा हात लागतो. म्हणून मास्तरांनी कापतानाच प्रत्येक पट्ट्याच्या उलट्या बाजूला निळ्या खडूने फुली मारली. पट्टा शिवून झाला की ओल्या फडक्याने ती फुली पुसायची, हे पोरीचं काम. पांढऱ्या पडद्यावर निळा डाग राहता कामा नये, हे मालकाने तीनतीनदा बजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा पट्टे जोडून झाले आणि मास्तरांच्या पाठीत उसण भरली. सरळ उभं राहवेना की बसवेना. शेवटी ते खुर्च्यांच्या मधल्या वाटेत जमिनीवर उताणे आडवे झाले.

"बाबा, शेवटची शिवण मी घालू?"

मास्तर छताकडे बघत म्हणाले, "घाल. पण सावकाश."

पोरगी हरखली. आणि हरखलेल्या माणसाच्या अंगात जो जास्तीचा शहाणपणा येतो तो तिच्याही अंगात आला. हातासरशी काम उरकलेलं बरं म्हणून तिने सातव्या पट्ट्याची फुली शिवण्याआधीच पुसून टाकली. चांगली घासून पुसली. मग पट्टा उचलला, झटकला, मशीनवर घेतला, आणि कुठली बाजू कुठली हा विचार तिच्या डोक्यात आलाच नाही. मास्तर खाली पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून सांगत होते. "घाई करतेयस." "हं, आता बरोबर." "कापड ओढू नकोस, ते आपणहून येतं." अठरा फूट शिवण तिने एका दमात घातली. उठली तेव्हा आपण आता मोठ्या झालो अशी तिची खात्री पटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा चौकटीत ताणून बसवला आणि तीनच्या खेळाला थिएटर भरून गेलं. बाप-लेकीला मालकाने बाल्कनीत बसवलं होतं. दिवे गेले, मखमली पडदा सरकला, आणि समुद्र आला.

तिने तोवर समुद्र पाहिला नव्हता. तिथे बसलेल्यांपैकी किती जणांनी पाहिला होता कोण जाणे. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरत गेला, निळा, हलता, आणि संपेचना. सगळ्या थिएटराने एकदम श्वास आत घेतला, तो तिला ऐकू आला. खालच्या रांगेतल्या एका बाईने लाट येताना पाय वर घेतले. कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांनाच ते करावंसं वाटलं होतं. आपले बाबा आणि आपण मिळून हा समुद्र शिवलाय, असं त्या पोरीला वाटलं आणि तिला रडू यायला लागलं.

तेवढ्यात पहिलं जहाज उजवीकडून डावीकडे निघालं. पांढरीशुभ्र शिडं, त्यावर ऊन. डाव्या टोकाशी पोचलं आणि त्याच्यावर संध्याकाळ झाली. शिडं राखी पडली. मागून दुसरं आलं, तेही तिथे पोचताच राखी झालं. अख्ख्या पडद्यावर लख्ख दुपार, आणि डावीकडच्या एका पट्ट्यात मात्र दिवस मावळलेला.

तिला तिथल्या तिथे कळलं. पट्टा उलटा लागला होता, खरखरीत बाजू उजेड परत देत नव्हती. तिने घासून पुसलेली फुली डोळ्यांपुढे आली. मास्तरांकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

लोक काय, लोकांना निमित्त हवं असतं. मध्यंतरापर्यंत थट्टा सुरू झाली. नायक डावीकडे गेला की कुणीतरी ओरडायचं, "अरे उजवीकडे सरक, तब्येत सुधारेल!" नायिका तिकडे उभी राहिली की, "हिला आजारपण लागलं!" खेळ संपल्यावर मालकाने मास्तरांना खाली बोलावलं. पोरगी जिन्यात उभी होती. "डोळे फुटले होते काय?" मालक म्हणाला. मास्तर म्हणाले, "चूक झाली." बस, एवढंच. कुणाची झाली, कशी झाली, काही नाही.

थिएटरचं सगळं काम दुसऱ्या शिंप्याकडे गेलं. पडदा मात्र बदलला नाही, तेवढी मालकाची दानत नव्हती. तो पट्टा पुढे अकरा वर्षं तसाच राहिला आणि गावातल्या दोन पिढ्यांनी अर्धवट आजारी नायिका बघितल्या. मास्तर शाळेचे गणवेश शिवायला लागले. पोरगी शाळेतून आली की त्यांच्या शेजारी मशीनवर बसायची. आई कधी कधी थिएटरच्या कामावरून टोमणा मारायची, तेव्हा मास्तर सुईत दोरा ओवत राहायचे आणि पोरीच्या तोंडून ब्र निघत नसे. त्या दिवसानंतर मास्तरांनी तिला कधी सिनेमाला नेलं नाही, स्वतःही गेले नाहीत. आपल्यामुळे बाबांची मान खाली गेली, आणि आपण गप्प बसलो, हे ती बरोबर घेऊन मोठी झाली.

सांगायचं तिने अनेकदा ठरवलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ठरवलं, पहिलं दुकान काढलं तेव्हा ठरवलं, आई गेली तेव्हा ठरवलं. दर वेळी वाटायचं, आता हे वरातीमागून घोडं कशाला? आणि शब्द आल्या वाटेने परत जायचे. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर सिनेमे बघायची, पण थिएटर कुठलंही असो, दिवे गेले की तिची नजर आधी डावीकडे जायची.

नव्या थिएटरात मास्तरांनी बसायच्या आधी खुर्चीचं कव्हर चाचपलं. "टाका लांब घातलाय," असा शेरा मारला आणि मग बसले. लेक एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला.

मग सुरू झालं. गोष्ट तशी साधी होती, दुसऱ्या कुठल्यातरी पृथ्वीवर हरवलेल्या भावाला शोधत निघालेली एक बहीण. पण ती पृथ्वी! तिथे पाणी जमिनीवर पसरलेलं नव्हतं, ते भिंतीसारखं उभं होतं, आभाळाला टेकलेलं, आणि त्याच्या आत दिवे लागल्यासारखे मासे फिरत होते. बहिणीची होडी त्या पाण्याच्या कडेने वर, सरळ वर चढत गेली. खाली बघितलं तर डोंगर वाळूच्या खड्यांएवढे. मग ती भिंत कलली. सावकाश, अगदी सावकाश, सगळ्या थिएटरावर कलत आली, आणि तिच्या आतून हिरवा उजेड लोकांच्या तोंडांवर पडला. मास्तरांनी बाईचं मनगट धरलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या हातात एवढा जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं. शेजारच्या रांगेत कुणीतरी पाय वर घेतले. बाईने स्वतःच्या पायांकडे बघितलं, तेही वर होते.

कितीतरी वेळाने तिच्या लक्षात आलं की आज आपण डावीकडे बघायचं विसरलो.

मध्यंतर झालं. लेक पॉपकॉर्न आणायला बाहेर गेली. मास्तर डोळे पुसत थोडा वेळ बसले आणि मग एकदम काठी घेऊन उठले.

"बाथरूम बाहेर आहे, बाबा."

"बाथरूमला कोण चाललंय? मला पडदा बघायचाय."

बाई नाही नाही म्हणेपर्यंत म्हातारा पायऱ्या उतरायला लागला होता. ती मागे धावली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं, कारण मास्तर थेट पडद्यापाशी गेले आणि त्यांनी तळहात त्यावर टेकवला. गणवेशातली एक मुलगी लगबगीने आली.

"आजोबा, हात लावायचा नसतो."

"हो बाळ, एकच मिनिट," मास्तर म्हणाले आणि हात तसाच सरकवत राहिले. डोळे मिटलेले, बोटं सावकाश पुढे जाताहेत. मग बोटं थांबली, मागे आली, पुन्हा तिथेच थांबली. मास्तरांचं तोंड उजळलं. "जोड आहे! इथे बघ. शिवलेला नाही, चिकटवलाय, पण जोड आहे. यांनीपण पट्टेच जोडलेत गं! आणि काय जोडलाय! वरून कुणाच्या बापाला दिसायचा नाही."

त्यांचा तो आनंद बाईला बघवेना. तिने मनाशी म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तो सातवा पट्टा मी उलटा लावला होता."

"काय?"

"सातवा पट्टा, बाबा."

"मोठ्याने बोल."

"तो सातवा पट्टा!" बाई ओरडली. "आपल्या थिएटरचा! फुली मी आधीच पुसली! उलटा मी लावला होता!"

पहिल्या दोन-तीन रांगांतले लोक खायचे थांबले. गणवेशातली मुलगी एक पाऊल मागे सरकली. मास्तरांचा हात अजून पडद्यावरच होता.

"मग?" ते म्हणाले. "मला माहीत नाही होय? सकाळी कडेने दोर ओवत होतो, तेव्हाच हाताला लागलं."

"सकाळी? म्हणजे खेळाच्या आधी?"

"चांगले तीन-चार तास आधी."

"मग उसवला का नाही?" मास्तरांनी चांगला कान पुढे केला होता, आता तिला ओरडायची गरज नव्हती, पण ती ओरडलीच.

"पातं घेतलं होतं हातात. तू पहिल्या रांगेत झोपली होतीस, तोंड उघडं टाकून. चार टाके उसवलेसुद्धा. मग म्हटलं, शिवण तरी बघू कशी घातलीय." मास्तरांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "अठरा फूट. कुठे वाकडी नाही, टाका लहान-मोठा नाही. मी नवव्या वर्षी पहिला सदरा शिवला, तो माझ्या बापाने चारचौघांत टर्रकन फाडला. बाह्या उलटसुलट लागल्या होत्या. त्यानंतर दोन वर्षं मी मशीनला पाय लावला नाही. तू उठल्यावर तुला काय सांगणार होतो? ते चार टाके परत घातले आणि गप्प बसलो."

"आणि सगळं काम गेलं त्याचं काय?"

"गेलं. गणवेश मिळाले की."

बाईला एवढा राग आला की तिला रडताही येईना. सेहेचाळीस वर्षं तिने ज्याचं ओझं वाहिलं ते या माणसाने चार टाके घालून मिटवलं होतं, आणि तिला सांगितलंसुद्धा नव्हतं.

"मग सिनेमा का सोडलात? मला वाटायचं, तुम्हाला लाज वाटते माझ्या चुकीची."

"लाज?" मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, मी गेलो असतो तर तू मागे लागली असतीस. पहिल्या दिवशी तू नुसता समुद्र बघत होतीस, तुला काही कळलं नाही असं मला वाटलं. पण शिंप्याची पोर तू. पुन्हा दोनदा-चारदा तो पडदा बघितला असतास तर तुझं तुलाच कळलं असतं. म्हटलं, नकोच ती भानगड. सिनेमा काय, नाही बघितला तर माणूस मरत नाही."

"मला पहिल्याच जहाजाला कळलं होतं, बाबा."

मास्तरांना हे पहिल्याच वेळी ऐकू आलं. काठीवर दोन्ही हात टेकवून ते त्या मोकळ्या पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिले, खालपासून वरपर्यंत.

"म्हणजे उगीचच," ते म्हणाले. "किती खेळ बुडाले गं आपले! दोघांचे! मला त्यातला एकेक बघायचा होता."

बाईने त्यांच्या दंडाला धरलं. गणवेशातल्या मुलीने हळूच म्हटलं, "आजोबा, सुरू होतंय. बसता का?" आणि दिवे मंद व्हायला लागले. वर आपल्या जागेपर्यंत चढायला वेळ नव्हता. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, तिथेच दोघं बसली. इतक्या जवळून पडदा डोळ्यांत मावत नव्हता. मान मागे टाकली तरी वरचा काठ दिसत नव्हता. समोर ती पाण्याची भिंत पुन्हा उभी राहिली आणि बाईला इतका वेळ न आलेलं रडू आता फुटलं. ती हुंदके द्यायला लागली.

मास्तरांनी मान न वळवता कोपराने तिला ढोसलं.

"रडायचं ते घरी जाऊन रड," ते म्हणाले. "आत्ता बघ."